प्रिन्स्टनच्या कॅम्पसवर कॉन्सर्टला जाताय? या चुका टाळा

न्यू जर्सीत एडिसनला राहून आता बरीच वर्षं झाली आणि दर उन्हाळ्यात कुणाचे ना कुणाचे आईबाबा भारतातून आले की मला फोन येतोच, "प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीत कॉन्सर्ट असते ना, एका दिवसात जाऊन येता येईल का?" येतं की, आरामात येतं. पण जाणारे सगळे त्याच त्याच चुका करतात आणि परत आल्यावर "ठीक होतं" म्हणतात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "कॅम्पसवर आहे" एवढ्याच माहितीवर घराबाहेर पडणं. आम्हीही हेच केलं होतं. रविवारी दुपारी 1 वाजता तिथे कॅरिलॉन वाजतो, म्हणजे टॉवरमध्ये टांगलेल्या 67 घंटांवर एक माणूस चक्क सुरावटी वाजवतो, तिकीट नाही काही नाही, बाहेर गवतावर बसून ऐकायचं. सासूसासरे, पाच वर्षांची मुलगी, स्ट्रोलर, डबे असं सगळं घेऊन आम्ही चढ चढत नॅसॉ हॉल या कॅम्पसवरच्या जुन्या इमारतीसमोर गेलो, कारण त्याच्यावर घड्याळाचा मनोरा दिसतो, मला वाटलं हाच तो. पावणेएकला सतरंजी टाकून बसलो. एक वाजला, सव्वा वाजला, मी आपली "आता सुरू होईल, आता होईल" म्हणतेय. शेवटी मॅप उघडला तर कळलं की घंटा आहेत क्लीव्हलँड टॉवरमध्ये आणि तो टॉवर ग्रॅज्युएट कॉलेजला, तिथून जवळजवळ मैलभर लांब! सासूबाईंचे गुडघे दुखतात, पोरगी उन्हाने वैतागलेली, कसेबसे पोचलो तर शेवटची दहाएक मिनिटं मिळाली. सासरे गवतावर डोळे मिटून बसले आणि संपल्यावर एवढंच म्हणाले, "अगं, आधीच इथे आणायचंस ना." ते मला अजून टोचतं.

तेव्हापासून माझी सवय अशी की युनिव्हर्सिटीचं नाव नाही, इमारतीचं नाव घरच्या ग्रुपवर टाकायचं आणि स्टेशनवरून थेट तिथेच जायचं, फिरणं-फोटो सगळं नंतर. आणि टॉवरच्या अगदी पायथ्याशी नका बसू, तिथे सूर एकमेकांत मिसळतात, थोडं लांब गवतावर बसा. मुलांना आधीच सांगून ठेवा की या घंटा देवळातल्यासारख्या दोरीने ओढत नाहीत. वादक वर खोलीत बसून लाकडी दांड्यांवर मुठी मारतो, पायाने पेडल दाबतो, घंटा जागच्या हलत नाही, आतला लोलक येऊन आपटतो. हे कळलं की मुलं ऐकतात. या घंटा 1892 च्या बॅचने 1927 मध्ये दिल्या, हे सासऱ्यांना भारी आवडलं होतं, कॉलेज सोडून पस्तीस वर्षं झाल्यावर सगळ्यांनी मिळून असं काही द्यायचं.

दुसरी चूक डिंकीची. मोठ्या ट्रेनमधून प्रिन्स्टन जंक्शनला उतरून कॅम्पसकडे जाणारी छोटी ट्रेन घ्यावी लागते, तिलाच सगळे डिंकी म्हणतात, तीन मैलसुद्धा अंतर नाही, पाचेक मिनिटांत पोचवते. आणि इथेच घाई करणारे फसतात. पाच मिनिटांचा प्रवास म्हणजे दर पाच मिनिटांनी गाडी असा अर्थ नाही हो! वीकेंडचं टाइमटेबल वेगळं असतं, एक चुकली की बसा वाट बघत. वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी सरळ एक गाडी आधीची पकडते. आणि तिकीट काढताना "प्रिन्स्टन" निवडा, "प्रिन्स्टन जंक्शन" नाही.

डबा बाहेरच संपवा. हॉलमध्ये चकलीची पिशवी उघडली की पार स्टेजपर्यंत ऐकू जातं.

आता हॉलचं. दुपारी रिचर्डसन ऑडिटोरियममध्ये पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा ऑर्केस्ट्रा असेल तर जरूर थांबा, ते ज्या अलेक्झांडर हॉलमध्ये आहे ती एकोणिसाव्या शतकातली दगडी इमारत आहे, आत साधारण 900 खुर्च्या, आवाज सुंदर येतो. पण आपल्या लोकांना कुणी आधी काही सांगतच नाही. सासरे आयुष्यभर सवाई गंधर्वला जाणारे, तिथे मध्येच उठून चहा घेऊन आलं तरी चालतं आणि समेवर दाद दिली नाही तर उलट गाणाऱ्यालाच चुकल्यासारखं वाटतं. इथे एक भाग संपल्यावर शांततेत त्यांच्या तोंडून "क्या बात है" निघून गेलं, पुढच्या दोघांनी वळून पाहिलं, आणि ते नंतर पूर्ण वेळ अवघडून बसले. चूक माझी होती, मी सांगायला हवं होतं. एक रचना तीन-चार भागांची असते, मधल्या शांततेत कुणी टाळ्या वाजवत नाही, कंडक्टरचे, म्हणजे समोर उभं राहून हातांनी ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्याचे, हात खाली आले आणि तो आपल्याकडे वळला की मग मनसोक्त वाजवा. आता मी हे जेवतानाच सांगून टाकते.

उशीर झाला तर दारात थांबवतात, रचना संपली की आत सोडतात. त्यांच्याशी वाद घालू नका.

आणि लहान मुलं त्रास देतील म्हणून त्यांना घरी ठेवून जाणं मला अजिबात पटत नाही. आइलच्या सीट घ्या, आधी कॅरिलॉनला गवतावर मनसोक्त पळू द्या, मग हॉल. कंटाळली तर इंटरव्हलला निघा. आमची मुलगी पहिल्या वर्षी इंटरव्हलच्याही आधी झोपली होती, पुढच्या वर्षी पूर्ण बसली, आणि परत येताना डिंकीत सीटवर मुठी आपटून कॅरिलॉन वाजवत होती.