कंपन्यांच्या करावर वाद घालताय? या चुका टाळा

महामारीनंतर बड्या कंपन्यांनी जास्त कर भरावा का, हा विषय वादविवाद स्पर्धांतून हटायला तयार नाही. मी करसल्लागार, म्हणून परीक्षक म्हणून बोलावणं येतं. शाल-नारळ घेतो आणि त्याच चुका ऐकून घरी येतो.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे ‘कोरोनात सरकारने कंपन्यांचा कर कमी केला.’ नाही हो केला! ती कपात २० सप्टेंबर २०१९ ला गोव्यात जाहीर झाली, जीएसटी परिषदेच्या बैठकीच्या दिवशी. भारतात पहिला रुग्ण सापडला ३० जानेवारी २०२० ला. एका अंतिम फेरीत एका मुलीने सगळं भाषण याच वाक्यावर उभं केलं. समोरच्या मुलाने ते खोडायचं सोडून ‘संकटात कपात हवीच होती’ असं ठणकावलं. न घडलेल्या गोष्टीवर दोघं सात-सात मिनिटं भांडली, वर टाळ्या. मी गुण कापायला पेन उचललं तर शेजारचे निवृत्त प्राचार्य म्हणाले, “अहो, जाऊ द्या, पोरीचा आवेश बघा की!” करंडक तिलाच गेला. मी स्वतः काहीही लिहिण्याआधी वहीच्या मागच्या पानावर तारखा एकाखाली एक मांडतो. पाच मिनिटांचं काम. रील बघून भाषण रचणाऱ्यांकडे तेवढीही नसतात.

दुसरा घोळ दरांचा. ‘३० चे २२ झाले, ८ टक्के वाचले.’ अधिभार आणि उपकर, म्हणजे मूळ करावर लागणारे जादा कर, कुठे गेले? दहा कोटींच्या वर उत्पन्न असलेल्या कंपनीला ३० वर १२ टक्के अधिभार, त्या बेरजेवर ४ टक्के उपकर, म्हणजे ३४.९४ टक्के. नव्या दरात २२ वर १० टक्के अधिभार आणि तोच उपकर, म्हणजे २५.१७. फरक पावणेदहाचा. ‘कर वाढवा’ म्हणणारेच स्वतःचा मुद्दा हलका करून बसतात! शिवाय हा दर घ्यायचा तर बहुतेक वजावटींवर पाणी सोडावं लागतं. म्हणून मी आधी नफा-तोटा पत्रक उघडून ‘करपूर्व नफा’ आणि ‘कर’ या दोन ओळी शोधतो; नफ्याचा किती हिस्सा खरोखर करात गेला ते त्यातून दिसतं.

शब्दांचीही गल्लत होते. उलाढाल (एकूण विक्री) म्हणजे नफा नव्हे. जीएसटीचा भार ग्राहकावर असतो, कंपनी तो सरकारात भरते. सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायचा खर्च, हा कर नाही.

‘दर उतरले तरी वसुली वाढली’ म्हणणारे कंपनी कराच्या वसुलीचे २०२०-२१ चे ४.५७ लाख कोटी आणि २०२१-२२ चे ७.१२ लाख कोटी शेजारी ठेवतात. टाळेबंदीचं वर्ष पायाला धरलं तर काहीही वाढलेलंच दिसणार. कपातीआधीच्या २०१८-१९ चे ६.६३ लाख कोटी धरा, मग बोला.

शेवटची चूक, सगळ्या कंपन्या एकाच तागडीत. हॉटेलं आणि विमान कंपन्या तोट्यात होत्या. तो तोटा आठ वर्षं पुढे ओढून नंतरच्या नफ्यातून वजा करता येतो, त्यामुळे दर वाढवूनही त्यांच्याकडून लगेच काही मिळत नाही. ब्रिटनमध्ये तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी मार्च २०२१ मध्ये कंपनी कराचे १९ चे २५ टक्के जाहीर केले, पण एप्रिल २०२३ पासून, आणि ५० हजार पौंडांपर्यंत नफा असलेल्यांना १९ च ठेवले. वाढवायचा तर असा, आधी सांगून आणि नफा बघून, असं माझं मत. आपल्याकडेही युद्धकाळात, १९४० साली, नेहमीच्या नफ्याहून जो जादा त्याच्यावर सुरुवातीला निम्मा कर होता. हे अजून एकाही स्पर्धकाने मांडलेलं नाही. कुणी मांडलं तर प्राचार्यांना न विचारता गुण देईन.