बरगड्यांच्या प्लेटिंगआधी सीटी बघताना या चुका टाळा

ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉली उलटते आणि बरगड्या मोडलेला पेशंट येतो. मोडलेली बरगडी धातूची पट्टी आणि स्क्रूंनी जोडणं म्हणजे प्लेटिंग. सोबत तालुक्याच्या सेंटरवरची फिल्म आणि नातेवाइकाच्या मोबाइलवर रंगीत थ्रीडी चित्र. त्या चित्रावरून छेद ठरवू नका, मूळ सीटीची सीडी मागवा. सीटीचे काप 1 ते 1.5 मिलिमीटर जाडीचे हवेत. 5 मिलिमीटरच्या कापांवरून केलेल्या थ्रीडीत बरगडी पायऱ्यापायऱ्यांची दिसते आणि न सरकलेलं फ्रॅक्चर गायब होतं. कूर्चेचं फ्रॅक्चरही त्यात सहसा हुकतं. आधी आडवे काप बघा, थ्रीडी नंतर.

सगळ्यात महाग पडते ती खुणेची चूक. सीटी उताणं झोपवून होते, ऑपरेशन कुशीवर, हात वर घेऊन. हात वर गेला की खांद्याचं पातं सरकतं, त्यावरची कातडीही. समजा, पाचवी ते आठवी बरगडी मागून मोडलीय आणि वॉर्डातच मार्करनं रेघ मारलीय. टेबलावर कुशीवर घेतल्यावर ती रेघ दोन बोटं भलतीकडे. 5 सेंटिमीटरच्या छेदात समोर येते शाबूत बरगडी! मग छेद वाढवा, स्नायू कापा. लहान छेदाचा फायदा तिथंच संपला. म्हणून पोझिशन पक्की झाल्यावर, ड्रेप (निर्जंतुक चादरी) टाकण्याआधी सोनोग्राफीचा लिनियर (सपाट तोंडाचा) प्रोब बरगडीच्या लांबीनं फिरवा. हाडाची पांढरी रेघ जिथं तुटते तिथं खूण. दहा मिनिटंही लागत नाहीत. तेवढा धीर नसेल तर सरळ मोठा छेद घ्या, निदान पेशंटला तसं सांगता तरी येईल.

बरगड्या पहिलीपासून खाली मोजा, मग बारावीपासून वर. आकडे जुळले नाहीत तर मानेची किंवा कमरेची जादा बरगडी आहे का बघा. नंबर कागदावर लिहून थिएटरच्या भिंतीला चिकटवलेले बरे.

मणक्याच्या आडव्या काट्यापासून (बाजूला निघालेल्या हाडापासून) फ्रॅक्चर साधारण 2.5 सेंटिमीटरच्या आत असेल, तर प्लेटीला मागं जागा मिळत नाही; कारण फ्रॅक्चरच्या दोन्ही बाजूंना किमान तीन-तीन स्क्रू बसायला हवेत.

स्कॅनच्या वेळी श्वासानं छाती हलली की बरगडीची कडा दुहेरी दिसते, ते फ्रॅक्चर नव्हे.

चार दिवसांपूर्वीच्या सीटीवर विसंबू नका, टोकं सरकतात.

पहिली, दुसरी, अकरावी, बारावी बरगडी सहसा प्लेट न लावता सोडून द्या.

स्क्रूची लांबी ठरवताना बरगडीला काटकोनात घेतलेल्या कापावरच जाडी मोजा. बरगडी तिरकी उतरते, त्यामुळे साध्या आडव्या कापात ती आहे त्यापेक्षा जाड दिसते आणि लांब स्क्रूचं टोक फुफ्फुसाच्या बाजूला निघतं.