लग्नानंतर नवरा-बायकोचा लेखी करार करताय? या चुका टाळा

नवरा-बायकोने लग्नानंतर मालमत्तेबद्दल, घरखर्चाबद्दल किंवा वेगळं राहण्याबद्दल लेखी करार करायला कायद्याची मनाई नाही. मात्र त्यासाठी आपल्याकडे खास असा कायदाही नाही. 1872 चा करार कायदा, 1908 चा नोंदणी कायदा आणि ज्याचा त्याचा विवाह कायदा यांच्या कसोटीवर तो कागद तपासला जातो. कोकणात असे कागद बऱ्याचदा गणपतीत नाहीतर मे महिन्यात होतात. चाकरमानी मोजक्या रजेवर आलेले असतात, वडीलधारे माजघरात बसून मजकूर ठरवतात आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन स्टॅम्पपेपरवर सह्या होतात. त्या घाईत राहिलेली उणीव पुढे बहुतेकदा बायकोलाच भोवते.

नुसतं वचन लिहून घेणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. ‘घराच्या वरच्या अंगाची हापूसची कलमं मी पत्नीच्या नावे करून देईन’ एवढं लिहून घेतलं की काम झालं असं वाटतं. पण करार कायद्याच्या कलम 25 प्रमाणे मोबदल्याशिवाय दिलेलं वचन सहसा बंधनकारक नसतं. जवळच्या नात्यात प्रेमापोटी, लेखी आणि नोंदणी करून दिलेलं वचन हा अपवाद आहे. भांडणानंतर केलेल्या करारात नेमकं हे प्रेमच दाखवता येत नाही. राजलखी देबी विरुद्ध भूतनाथ मुखर्जी या 1900 सालच्या कलकत्ता उच्च न्यायालयाच्या प्रकरणात नवऱ्याने नोंदणीकृत कागदाने पत्नीच्या वेगळ्या राहण्याचा आणि पोटगीचा खर्च कबूल केला होता. त्याच कागदात दोघांच्या तंट्याचा उल्लेख होता. हे वचन प्रेमापोटी दिलेलं नाही, असं ठरलं आणि करार लागू झाला नाही.

म्हणून द्यायचं असेल तर आजच देऊन टाका. बक्षीसपत्राला मोबदला लागत नाही. लागतात दोन साक्षीदार, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी आणि देणारा हयात असताना पत्नीचा स्वीकार. राहतं घर किंवा शेतजमीन पत्नीला बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. खर्चाची सबब सांगणाऱ्यांना हा आकडा जरूर सांगा.

सातबारा न वाचता जमीन लिहून देणं

आपल्याकडे एकेका सातबाऱ्यावर काका, चुलतभाऊ, आत्या, मुंबईला गेलेले आणि कधी वारलेले अशी सगळ्यांची नावं असतात. ‘माझा हिस्सा पत्नीला बक्षीस’ असं लिहून भागत नाही. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतला अविभक्त हिस्सा इतर सहहिस्सेदारांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1987 साली सांगितलं आहे. आधी वाटप करा. सगळे राजी असतील तर महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. वाटप रखडणार असेल तर निदान मृत्युपत्र करा. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे अविभक्त हिश्शाचंही मृत्युपत्र करता येतं.

इतर हक्कांचा रकाना नीट वाचा. कूळकायद्यात मिळालेल्या जमिनीवर कलम 43 चा, म्हणजे परवानगीशिवाय हस्तांतर करायला बंदी असल्याचा, शेरा असेल तर बक्षीस देण्याआधी त्याची पूर्तता तहसील कार्यालयात विचारून घ्या. घराचंही तसंच. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं होत नाही.

नवऱ्याच्या स्वतःच्या नावावर जमीन असेल तर लक्ष्मीमुक्ती योजनेखाली त्याच्या अर्जावरून पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागू शकतं. ही सोय 1992 पासून आहे. तिचा वापर फार कमी होतो, याचं मला वाईट वाटतं.

पोटगीचा हक्क सोडून देणं

‘यापुढे पोटगी मागणार नाही’ हे कलम घालायचा आग्रह नवऱ्याकडचे लोक हमखास धरतात. पण तसं लिहून दिल्याने भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 125 खाली, पोटगी मागायची वाट बंद होत नाही. मुलांचा ताबाही कागदावर कायमचा ठरत नाही. न्यायालय मुलांचं हित बघतं.

स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी

पंचांसमोर किंवा नोटरीपुढे सह्या केल्याने हिंदू विवाह मोडत नाही. रूढीने काडीमोड चालत असल्याचा दावा असेल तर ती रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते. परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज केल्यानंतर थांबायची सहा महिन्यांची मुदत सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालानंतर न्यायालय माफ करू शकतं. स्टॅम्पपेपरवरच्या सोडचिठ्ठीच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुस्लिम कुटुंबांत खुला (पत्नीच्या मागणीवरून होणारा घटस्फोट) आणि मुबारात (दोघांच्या संमतीने होणारा) यांचे नियम निराळे आहेत.

दोघांसाठी एकच वकील

सासरच्या वकिलाने वाचून दाखवलेल्या कागदावर लगेच सही करू नका, ताई. मसुदा माहेरी न्या, वेळ घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. हा 1987 च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. नवऱ्याच्याही हे फायद्याचं आहे, कारण दडपणाखाली सही घेतली असं ठरलं तर करार रद्द होऊ शकतो.

बांदा, सावंतवाडी, दोडामार्गकडून गोव्यात सोयरीक होते त्यांनी एक लक्षात ठेवावं. गोव्याच्या नागरी कायद्यात मालमत्तेची व्यवस्था लग्नाआधीच करावी लागते. ती लग्नानंतर बदलता येत नाही.

कागद आधीच झाला असेल तर

स्थावर मालमत्तेचा हक्क देणारा दस्त नुसता नोटरी केलेला असेल तर सहीची तारीख बघा. नोंदणीसाठी चार महिने असतात, त्यानंतर दंड भरून आणखी चार. तीही मुदत गेली असेल तर जुन्या कागदाला ठिगळ लावू नका, नवा दस्त करा. जमीन, दागिने आणि दरमहाचा खर्च यांचे कागद वेगवेगळे ठेवा, म्हणजे एकातल्या चुकीने बाकीचे अडकणार नाहीत.