जुन्या गाडीचे इंजिन बदलायचे की मूळचेच बांधायचे? निर्णयापूर्वी या चुका टाळा

जतन करण्याजोगी जुनी गाडी हाती आली की तिचे इंजिन बदलावे की मूळचेच पुन्हा बांधून घ्यावे, हा प्रश्न आज ना उद्या उभा राहतोच. दुर्दैवाने तो बहुधा गाडी तापून रस्त्यात बंद पडल्यावर किंवा निळा धूर सोडू लागल्यावर, म्हणजे मालक वैतागलेला असताना सोडवला जातो. दोन्ही मार्गांचे कैवारी तावातावाने बोलतात. परंतु नुकसान होते ते चुकीच्या बाजूला गेल्यामुळे क्वचितच, बहुतेक वेळा ते काहीही न मोजता बाजू घेतल्यामुळे होते.

दोष इंजिनाचाच आहे, असे गृहीत धरणे

ही सर्वांत महागडी चूक आहे. गाडी तापते म्हणून इंजिन काढायला निघालेल्या मालकाने आधी रेडिएटरच्या नळ्या गाळाने भरल्या आहेत का, ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाच्या) मागच्या बाजूला पाण्याच्या पोकळीत गंजाचा थर साचला आहे का, पंख्याभोवतीचे आवरण कोणीतरी काढून टाकले आहे का आणि ठिणगी उशिरा पडते आहे का, हे पाहायला हवे. गाडीला ओढ नाही, ही तक्रारही अशीच फसवी असते. डिस्ट्रिब्युटरमधील (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागातील) वजने गंजून अडकली, कार्बोरेटरच्या थ्रॉटलचा दांडा झिजून तिथून हवा शिरू लागली किंवा टाकीतला गंज जेटमध्ये जाऊन बसला, तर उत्तम स्थितीतले इंजिनही मरगळलेले वाटते. यांतली कोणतीही दुरुस्ती इंजिन न उतरवता करता येते.

त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासावे. इंजिन गरम असावे, सगळे स्पार्क प्लग काढलेले असावेत, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवावा आणि बॅटरी भरलेली असावी. यातले एक जरी चुकले तरी आकडे निरर्थक ठरतात. सिलिंडरांमध्ये १० ते १५ टक्क्यांहून अधिक तफावत आढळली, तर कमी दाब दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजले आहेत. तसाच राहिला तर संशय व्हॉल्व्हवर किंवा हेड गॅस्केटवर (ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधल्या पातळ पत्र्यावर) जातो. शेजारचे दोन सिलिंडर एकदमच कमी दाब दाखवत असतील, तर त्यांच्या मधोमध गॅस्केट जळालेले असण्याची शक्यता दाट असते. अधिक नेमके उत्तर हवे असेल तर सिलिंडरमध्ये दाबाने हवा सोडून ती कुठून निसटते ते ऐकावे. कार्बोरेटरमधून आवाज आला तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आला तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट किंवा तडा, असे त्याचे वाचन आहे. ऑइलचा दाब मात्र डॅशबोर्डवरच्या जुन्या काट्यावर विसंबून ठरवू नये. वेगळा यांत्रिक गेज लावावा.

वर्षानुवर्षे उभ्या राहिल्याने जाम झालेले इंजिन स्टार्टर मारून किंवा गाडी ओढून फिरवण्याचा मोह होतो. तसे केल्याने रिंगा तुटतात आणि बोअरवर ओरखडे पडतात. प्लगच्या छिद्रांतून गंज सोडवणारे तेल ओतून काही दिवस थांबावे आणि मग पुलीच्या बोल्टवर पाना लावून हाताने, दोन्ही दिशांना हलकेच प्रयत्न करावा.

‘मूळ इंजिन’ म्हणजे काय, हे न तपासणे

विकणाऱ्याच्या शब्दावर कित्येक जण इंजिन मूळचे मानतात, तर कित्येक जण खरोखर मूळचे असलेले इंजिन अजाणता भंगारात काढतात. ब्लॉकवर दोन वेगळ्या प्रकारच्या खुणा असतात. ओतकामात उमटलेला क्रमांक केवळ ब्लॉकचा प्रकार सांगतो. एक विशिष्ट इंजिन ओळखू येते ते ठोकून उमटवलेल्या क्रमांकावरून. ओतकामाची तारीख दिलेली असेल तर एक साधी कसोटी पुरते: ती तारीख गाडी तयार झाल्याच्या तारखेनंतरची असेल, तर ते इंजिन त्या गाडीचे जन्माचे इंजिन असूच शकत नाही.

इथे पुनर्बांधणीच्या वाटेवरचा एक खड्डा सांगायलाच हवा. शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिनांवर हा क्रमांक ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, जिथे हेड बसते त्याच पातळीवर ठोकलेला असतो. हेड नीट बसावे म्हणून तो पृष्ठभाग मशीनवर घासून घेतला की क्रमांकही पुसला जातो, आणि मूळपण जपण्यासाठी केलेला सगळा खटाटोप त्या एका कामात वाया जातो. म्हणून ब्लॉक वर्कशॉपमध्ये देण्यापूर्वी क्रमांकाचे स्पष्ट छायाचित्र घ्यावे आणि त्या भागाला हात लावू नये, असे लेखी कळवावे.

इंजिन आधीच कोणीतरी बदललेले असेल, तर मूळपणाचा आग्रह बराचसा सैल पडतो. अशा वेळी त्याच काळातले, त्याच कुळातले इंजिन बसवणे हा माझ्या मते सर्वांत समंजस पर्याय असतो, आणि त्याचा विचार फार कमी लोक करतात. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा किमान ३० वर्षे जुन्या आणि ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत जतन केलेल्या गाडीला ऐतिहासिक वाहन मानते. तशी मान्यता हवी असेल तर आधुनिक इंजिनाचा विचार करताना हे आधीच ध्यानात घ्यावे.

अश्वशक्तीच्या आकड्यावर भाळणे

अमेरिकी गाड्यांच्या माहितीपत्रकांतले १९७१ पर्यंतचे बहुतेक आकडे पंखा, एअर फिल्टर, सायलेन्सर वगैरे न जोडता मोजलेल्या इंजिनाचे आहेत. १९७२ पासून सर्व जोडण्यांसह मोजलेले आकडे रूढ झाले. त्यामुळे जुन्या-नव्या आकड्यांची सरळ तुलना मुळात चुकीची आहे. शिवाय खरी अडचण शक्ती मिळवण्यात येत नाही, ती पेलण्यात येते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून मूळचे ड्रम ब्रेक तसेच ठेवून दुप्पट शक्तीचे इंजिन बसवणे हा निव्वळ अविचार आहे. गिअरबॉक्स, मागचा एक्सल आणि रेडिएटर यांचाही हिशेब सुरुवातीलाच मांडावा.

वजनाकडेही असेच दुर्लक्ष होते. १९७३ ते १९७६ या काळात एमजी कंपनीने स्वतःच एमजीबी जीटीमध्ये १,७९८ सीसीच्या लोखंडी चार सिलिंडरी इंजिनाऐवजी रोव्हरचे ३,५२८ सीसीचे व्ही-८ बसवले. ते ॲल्युमिनियमचे असल्याने आकाराने मोठे असूनही पुढच्या चाकांवर जादा ओझे आले नाही. तेच इंजिन लोखंडी असते तर स्प्रिंगांपासून स्टिअरिंगपर्यंत बरेच काही नव्याने जुळवावे लागले असते.

इंजिन जागेवर बसले म्हणजे काम झाले, असेही नव्हे. ऑइल पॅन पुढच्या क्रॉसमेंबरला (चेसिसच्या आडव्या तुळईला) किंवा स्टिअरिंगला लागतो का, हे इंजिन विकत घेण्यापूर्वी मोजावे. बदललेली गाडी ठरावीक वेगाला थरथरत असेल तर चाकांचे बॅलन्सिंग वारंवार करून घेण्यापेक्षा प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन मोजावेत. ते समान नसतील तर युनिव्हर्सल जॉइंट प्रत्येक फेरीत दोनदा हिसका देतात. कार्बोरेटरला पेट्रोलचा ३ ते ६ पीएसआय (दाबाचे एकक) दाब पुरतो, तर इंजेक्शनच्या इंजिनाला साधारण ४० ते ६० पीएसआय लागतो. जुनीच रबरी नळी आणि तिच्या जुन्याच आवळपट्ट्या ठेवून हा दाब देणे म्हणजे बॉनेटखाली आगीला आमंत्रण आहे. अनेक जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते आणि काही गाड्या ६ व्होल्टच्या असतात. आधुनिक इंजिनाचा संगणक जोडण्यापूर्वी संपूर्ण वायरिंग तपासून पाहण्याला पर्याय नाही.

नवे इंजिन घुमते पण पेटत नाही, ही तक्रार बहुधा सुटे इंजिन विकत घेणाऱ्यांची असते. त्याचा संगणक, किल्लीशी जोडलेली चोरीविरोधी यंत्रणा, वायरिंग, सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असल्यास त्याचे पेडल हे सारे एकाच गाडीतले असावे लागते. शक्य असेल तर अपघातात सापडलेली पूर्ण गाडीच घ्यावी. इंजिनबदलाची नोंदणी आणि विमा यांचे नियम मात्र कापाकापी सुरू होण्यापूर्वीच विचारून घ्यावेत.

पुनर्बांधणीतल्या घाईच्या चुका

झिजलेल्या, अंडाकृती झालेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालून काम भागवू नये; धूर थोड्याच काळात परत येतो. बोअर वाढवण्यापूर्वी पिस्टन हातात असावेत, कारण बोअर प्रत्यक्ष पिस्टनच्या मापाला जुळवायचा असतो आणि हव्या त्या मापाचे पिस्टन मिळतीलच असे नाही. शिसेयुक्त पेट्रोलसाठी बनवलेल्या लोखंडी हेडमध्ये एक्झॉस्टच्या कठीण व्हॉल्व्ह सीट याच वेळी बसवून घ्याव्यात. ब्लॉकला तडा आहे म्हणून लगेच हार मानू नये, कारण धातूची शिलाई (तड्यात धातूचे तुकडे बसवून तो सांधणे) आणि स्लीव्ह (बोअरमध्ये बसवलेली नवी नळी) हे जुने, खात्रीचे उपाय आहेत.

नव्याने बांधलेले इंजिन पहिल्या तासातच टकटक करू लागले, तर पुष्कळदा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) गेलेला असतो. सपाट टॅपेट (कॅमवर घासत चालणारे भाग) असलेल्या इंजिनात नवा कॅम बसवल्यावर ते संथ गतीवर सोडू नये. सुरू होताच सुमारे २० मिनिटे मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या आसपास चालवावे आणि पुरेसे जस्त असलेले ऑइल वापरावे.

परतीची वाट बंद करणे

फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्यामधली भिंत), क्रॉसमेंबर किंवा गिअरबॉक्सवरचा बोगदा एकदा कापला की मूळ इंजिन पुन्हा बसवणे जवळपास अशक्य होते, आणि ज्या गाडीला स्वतंत्र चेसिस नसते तिची ताकदही त्यात जाते. म्हणून मूळ भोकांवर बोल्टने बसणारे माउंट वापरूनच इंजिन बदलता येत असेल, तरच मी त्या बाजूने कौल देईन. काढलेल्या इंजिनातले पाणी पूर्ण काढून, सिलिंडरांत ऑइल सोडून आणि सगळी तोंडे बंद करून ते कोरड्या जागी ठेवावे. त्याच्याबरोबर कार्बोरेटर, मॅनिफोल्ड, डायनामो आणि प्रत्येक लहानसहान ब्रॅकेट चिठ्ठी लावून जपावे, कारण पुढे इंजिनाचा ब्लॉक मिळणे जितके कठीण असते त्याहून ते ब्रॅकेट मिळणे कठीण जाते.