काचेवरचे विकिपीडिया लेख सुधारायला माणसं जमवताय? मग या चुका टाळा

काचेबद्दलचे लेख सुधारू या म्हणून दहा-पंधरा जण एकत्र बसतात हे बघून मला मनापासून बरं वाटतं, कारण विषय प्रचंड आहे, खिडकीपासून ऑप्टिकल फायबरपर्यंत. पण प्रत्येक नवा ग्रुप त्याच त्याच ठिकाणी अडखळतो आणि मग उत्साही लोक नाराज होऊन निघून जातात, म्हणून एकदाचं सविस्तर लिहितेय.

सगळ्यांना 'काच' या एकाच लेखावर बसवणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि सगळ्यात जास्त वेळा होणारी. मी एका कार्यक्रमाला मदत करायला गेले होते, तिथे आयोजकांनी विषयांची यादीच केली नव्हती, "काच उघडा आणि सुरू करा" एवढंच सांगितलं. अख्ख्या खोलीने तेच पान उघडलं. सेव्ह करायला गेलं की एडिट कॉन्फ्लिक्ट, म्हणजे तुम्ही टाइप करत असताना दुसऱ्याने तोच भाग बदललेला, आणि नवीन माणसाला त्या स्क्रीनवर काय करायचं ते कळत नाही, तो वैतागून टॅब बंद करतो. त्यातच एका मुलाने लिहिलं की काच हा अतिशय संथ वाहणारा द्रव आहे, म्हणूनच जुन्या चर्चच्या खिडक्या खाली जाड असतात. दुसरीने ते काढलं, तिसऱ्याने कुठल्यातरी ब्लॉगची लिंक लावून परत टाकलं, असं चालूच राहिलं. शेवटी रोज काम करणाऱ्या एका संपादकाने सगळं उलटवलं, पान संरक्षित झालं आणि नवीन खात्यांना तिथे काही करताच येईना. दुपार गेली ती गेलीच.

ही खिडक्यांची गोष्ट खोटी आहे, हे विषयांच्या यादीच्या वर लाल अक्षरात लिहून ठेवा, कारण ती प्रत्येक कार्यक्रमात येते म्हणजे येतेच. पूर्वी काचेचा गोळा फुंकून, गरगर फिरवून त्याची तबकडी करायचे आणि त्यातून तुकडे कापायचे, त्यामुळे तुकड्यांची जाडी सारखी नसायची. बसवणारा जाड बाजू बहुतेक खाली ठेवायचा, पण जाड बाजू वर असलेले तुकडेही सापडतात. रोमन काळातली काचेची भांडी अजून आपल्या आकारात आहेत. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या जुन्या चर्चमधल्या काचेच्या घटकांवरून संशोधकांनी हिशोब केला तर नेहमीच्या तापमानाला अब्ज वर्षांत जेमतेम १ नॅनोमीटर वाहणं निघालं. हे सगळं छापील संदर्भासकट आधीच तयार असेल तर खोलीत वाद होत नाही.

माझी पद्धत अशी की मुख्य लेखाला हात फक्त जुन्या दोन जणांनी लावायचा, बाकी प्रत्येकाला स्वतःचा एक छोटा लेख. फ्लोट काच घ्या, वितळलेल्या कथलावर काच तरंगवून सपाट तावदान करायची पिल्किंग्टन या ब्रिटिश कंपनीची पद्धत, १९५९ मध्ये जाहीर झाली, यावर भरपूर छापील मजकूर मिळतो. इतिहासाची आवड असेल त्याला मुरानो द्या, १२९१ मध्ये व्हेनिसने आगीच्या भीतीने भट्ट्या त्या बेटावर हलवल्या. रसायनशास्त्रवाल्याला जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो शॉट आणि त्याची बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णतेने सहज न तडकणारी काच. शाळकरी मुलांना प्रिन्स रुपर्टचे थेंब, म्हणजे वितळलेली काच गार पाण्यात टाकून होणारे शेपटीवाले थेंब, त्यांना ते इतकं आवडतं की उठवावं लागतं. लिबियन वाळवंटातली नैसर्गिक काच, युरेनियम काच, विषयांना तोटा नाही.

जाणकार माणसाला बोलावून त्याचा अपमान करणं

याचं मला खरंच वाईट वाटतं. अशाच एका कार्यक्रमात आयुष्यभर काचेच्या भट्टीवर काम केलेले एक काका आले होते. ॲनीलिंग आणि टेम्परिंग एकच असल्यासारखं लेखात लिहिलेलं बघून त्यांनी ते दुरुस्त केलं आणि दुरुस्ती शंभर टक्के बरोबर होती. ॲनीलिंगमध्ये काच हळूहळू थंड करतात म्हणजे आतला ताण निघून जातो, टेम्परिंगमध्ये उलट पृष्ठभाग झटकन थंड करून मुद्दाम ताण ठेवतात, बाहेरून दाब आणि आतून ओढ, म्हणून ती काच मजबूत होते आणि फुटली तर बारीक तुकडे होतात. पण काकांनी संदर्भ दिला नाही, कारण संदर्भ लागतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. काही मिनिटांत बदल उलटवला गेला. ते शांतपणे उठून गेले आणि परत आले नाहीत.

विकिपीडियावर स्वतःचा अनुभव पुरावा म्हणून चालत नाही, आणि तो नियम योग्यच आहे, वाचणाऱ्याला पडताळता आलं पाहिजे. पण अशा माणसाचं काम वेगळं असतं. मी त्यांना आदल्या आठवड्यातच लेखाची प्रिंट देते, चूक कुठे आहे तिथे खूण करायला सांगते, मग वाचनालयात जाऊन त्या मुद्द्याचं पुस्तकातलं पान शोधते. कार्यक्रमाच्या दिवशी त्यांच्या शेजारी एक टाइप करणारा बसवते. वेळखाऊ आहे, हो. पण चुकीचा फोटो एका नजरेत ओळखणारा माणूस तुम्हाला दुसरीकडे कुठे मिळणार?

संग्रहालयांच्या साइटवरून फोटो उचलणं

"वस्तू दोन हजार वर्षं जुनी आहे, कॉपीराइट कसला?" हे वाक्य ऐकून ऐकून कान किटलेत. वस्तूचा नसेल, फोटोचा असतो. जुन्या सपाट चित्राचा जसाच्या तसा फोटो कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाचे फोटो जिथे ठेवतात त्या साइटवर, चालतो, पण फुलदाणी किंवा पेला त्रिमित असतो, तिथे प्रकाश आणि कोन फोटोग्राफरने निवडलेला असतो म्हणून हक्क त्याचा. 'फक्त अव्यावसायिक वापरासाठी' असं लिहिलेले फोटोही चालत नाहीत. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने २०१७ पासून हक्कमुक्त वस्तूंचे आपले फोटो मोकळे केलेत, सुरुवात तिथून करा. आणि हयात कलाकाराच्या काचशिल्पाचा फोटो तुम्ही स्वतः काढला तरी शिल्पाचा हक्क त्याचाच, त्या देशाचा कायदा बघितल्याशिवाय चढवू नका.

सगळ्यात चांगलं म्हणजे स्वतः जाऊन जुन्या वस्तूंचे फोटो काढा, फ्लॅश बंद, मागे गडद कापड किंवा भिंत, प्रकाश बाजूने. ब्रिटिश म्युझियममधल्या लायकर्गस पेल्यासारखी वस्तू असेल, जी समोरून उजेड पडला की हिरवी आणि आतून उजेड आला की लाल दिसते, तर दोन्ही फोटो हवेतच, एकाने काही समजत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

खाती आदल्या दिवशी घरून उघडायला सांगा, एका इंटरनेट कनेक्शनवरून दिवसाला ६ पेक्षा जास्त नवीन खाती उघडता येत नाहीत आणि सातवा माणूस बसून राहतो.

संस्थेच्या नावाचं यूजरनेम नको, एक माणूस एक खातं.

काचेच्या कंपनीचं माहितीपत्रक हा संदर्भ नाही.

मशीन भाषांतर चिकटवून पुढे जाणाऱ्यांना मी सरळ थांबवते, आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर ठेव, मोठ्याने वाच, तुला स्वतःला कळलं तरच लेखात टाक. "आज पन्नास नवीन लेख" असलं टार्गेट लावलं की हेच होतं, त्यातले बरेच पुढे वगळले जातात आणि आकडा फक्त अहवालात उरतो. त्यापेक्षा आधीच असलेल्या पाच लेखांना नीट संदर्भ लागले तर मला जास्त आनंद होतो.

आणि कार्यक्रम संपला की ग्रुप बंद करू नका. सगळे लेख निरीक्षणसूचीत टाका म्हणजे त्यातले बदल दिसत राहतील, महिनाभर चर्चा पानं बघत राहा, कुणी प्रश्न विचारला असेल तर ज्याने लिहिलंय त्याला फोन करून उत्तर द्यायला लावा.