सोलापुरातील विडी कामगारांच्या उत्पन्नाची पाहणी कशी करावी
सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या उत्पन्नावर पीएच.डी. करणाऱ्याने ‘महिन्याला किती मिळतात?’ असे थेट विचारू नये, कारण मजुरी हजार विड्यांमागे ठरते आणि मिळणारे काम कमीजास्त होत राहते. त्याऐवजी गेल्या आठवड्यात विडी वळायला किती पान (तेंदूचे) आणि तंबाखू मिळाली, किती विड्या वळल्या, त्यांतल्या किती नापसंत म्हणून बाजूला काढल्या गेल्या आणि कमी पडलेले पान पदरच्या पैशांनी आणावे लागले का, हे क्रमाने विचारावे. खरी मिळकत शेवटच्या दोन उत्तरांतच कळते. घरातल्या लेकीसुनांचा हातभार आईच्याच हिशेबात जमा होत असेल, तर तो दोष न देता, हळुवारपणे नोंदवावा. पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, म्हणून प्रश्नावली तेलुगूतही तपासून घ्यावी. माल पोचवण्याच्या वेळी मात्र कोणाच्याही दारात जाऊ नये.