कॉलनीत तंबाखू सोडणाऱ्यांचा गट चालवायचा असेल तर

आमच्या इंदूरच्या कॉलनीत पहिल्या वर्षी गणपतीत आम्ही मोठ्या हौसेनं सगळ्यांना स्टेजवर बोलावलं, शपथ घ्यायला लावली, टाळ्या झाल्या, फोटो निघाले, आणि विसर्जनाच्या आधीच अर्धे जण मंडपामागे पाउच फाडत होते. त्याहून वाईट म्हणजे नंतर ते आमच्याशी नजरच मिळवेनात. म्हणून शपथ, स्टेज, फोटो काही नको, चार-पाच जण पुरे, कुणाच्या तरी ओट्यावर संध्याकाळी बसा.

सोडायचा दिवस ज्याचा त्यानं ठरवावा, फक्त रंगपंचमीच्या गेरचा, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीचा, आठवडा किंवा घरात लग्न असेल तो काळ टाळा. तलब पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त छळते, चिडचिड आणि झोप न लागणं पुढे दोन-चार आठवडे चालतं, मग कमी होत जातं. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर काकू तिसऱ्या दिवशीच म्हणतात की यापेक्षा खात होते तेच बरं होतं, आणि काकांना तेवढंच निमित्त पुरतं.

आता खरं काम. प्रत्येकाला एक जोडीदार द्या, शक्यतो स्वतः सोडलेला. त्यानं उपदेश करायचा नाही, फोन उचलायचा. एक तलब साधारण पाच-दहा मिनिटं टिकते, तेवढा वेळ बोलत राहायचं, पाणी प्यायला लावायचं, खाली चक्कर मारायला न्यायचं. आणि तलबीची वेळ शोधून काढा. आमच्या एका काकांची वेळ पोह्यांनंतरची, प्लेट ठेवली की हात खिशात जायचा, आणि डबी घरी ठेवून आले तरी उजवा अंगठा डाव्या तळव्यावर घासायला लागायचा, तळव्यावर काहीच नाही, नुसता अंगठा फिरतोय. बघून गलबलून आलं मला. मग वहिनींनी त्यांची तीच दोन तोंडांची डबी घासूनपुसून एका बाजूला ओवा, दुसऱ्या बाजूला भाजलेली बडीशेप भरून दिली, आणि जोडीदार महिनाभर रोज सकाळी पोह्यांना सोबत. डबी फेकून द्या असं बरेच जण सांगतात, पण काकांच्या हाताला ते चोळणं लागतच होतं.

सुपारी मात्र कुणाला देऊ नका, तंबाखू नसली तरी सुपारीनं कॅन्सर होतो, म्हणजे साधा पान मसालाही नाही. 2012 मध्ये एमपीत गुटख्यावर बंदी आली तरी मसाल्याचा एक पाउच आणि तंबाखूचा दुसरा असे वेगवेगळे मिळतात आणि लोक मिसळून खातात. वेप, म्हणजे ई-सिगारेट, हा पण उपाय नाही, 2019 पासून देशात त्याच्या विक्रीवर बंदीच आहे.

निकोटिन गम घेणार असेल तर डॉक्टरला विचारून, 2 की 4 मिलिग्रॅम ते तेच सांगतील. पण खायची पद्धत बैठकीत दाखवाच, कारण लोक च्युइंगगमसारखा चघळतात, मग उचकी लागते, मळमळतं आणि म्हणतात सूट होत नाही. हळूहळू चावायचा, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायचा, चुरचुर गेली की परत चावायचा, असं अर्धा तास. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं थांबायचं. 1800-11-2356 ही सरकारची फुकट क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवर मदत, प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या.

एकदा सगळ्यांना तोंड उघडून तीन बोटं उभी आत जातात का बघायला सांगा. जात नसतील, किंवा पांढरा-लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेला छाला असेल तर लगेच दाताच्या डॉक्टरकडे, आणि जोडीदारानं बरोबर जायचं, एकटा माणूस घाबरून टाळतो.

बैठकीत किती दिवस झाले हे विचारू नका, कुठल्या वेळेला जड गेलं ते विचारा. आणि कुणी परत खाल्ली की तो यायचा बंद होतो, हे ठरलेलंच. तेव्हा दुसऱ्या दिवशीच त्याच्या घरी जा, तंबाखूचा विषय काढू नका, चहा घ्या, आणि निघताना फक्त सांगा, दादा, गुरुवारी ओट्यावर तुमची वाट बघतोय.